घटक ६ : लुप्त उच्चारांची पुनर्रचना – लॅटिनमधील संयुक्त स्वर

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
१. लेखन आणि उच्चार यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
२. जुन्या भाषेतील उच्चार ठरवण्यासाठी भाषावैज्ञानिक कोणकोणत्या प्रकारचे पुरावे वापरतात, हे सांगता येईल.
३. प्रत्येक प्रकारच्या पुराव्याची शक्ती आणि मर्यादा ओळखता येईल.
४. लॅटिनमधील संयुक्त स्वरांचा इतिहास थोडक्यात मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एकाच रोमन नावाची तीन रूपे तुमच्या परिचयाची आहेत. शेक्सपिअरच्या नाटकामुळे आपण 'सीझर' म्हणतो. पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात जर्मनीच्या सम्राटाचा उल्लेख 'कैसर' असा येतो. १८७७ साली व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा त्या पदवीचे देशी रूप 'कैसर-ए-हिंद' असे होते. इटालियन लोक हेच नाव 'चेझारे' असे उच्चारतात. मग ज्याचे हे नाव, त्या रोमन माणसाला त्याचे समकालीन कोणत्या नावाने हाक मारत असतील?

त्या काळचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. तरीही भाषावैज्ञानिक पुरेशा खात्रीने सांगतात, की सुशिक्षित रोमन माणूस हे नाव 'काएसार' असे उच्चारत असे, आणि त्यापूर्वी काही पिढ्या ते 'काइसार' असे उच्चारले जात असे. ही खात्री कोठून येते, हा या घटकाचा विषय आहे. लॅटिनमधील संयुक्त स्वर हे त्यासाठी घेतलेले उदाहरण आहे. येथे शिकलेली विचारपद्धती प्राकृत, जुनी मराठी किंवा अन्य कोणत्याही भाषेच्या अभ्यासात तुम्हांला उपयोगी पडेल.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संयुक्त स्वर म्हणजे काय?

एकाच अक्षरात जीभ एका स्वराच्या स्थितीपासून दुसऱ्या स्वराच्या स्थितीकडे सरकते, तेव्हा संयुक्त स्वर निर्माण होतो. मराठीत 'पैसा' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. पहिल्या अक्षरात जीभ 'अ'पासून 'इ'कडे गेलेली जाणवेल. आता प्रमाण हिंदीतील 'पैसा' आठवा. तेथे पहिला स्वर एकाच स्थितीत राहतो. 'मौन'सारख्या शब्दातही हाच फरक दिसेल. म्हणजे 'ऐ' आणि 'औ' ही चिन्हे दोन्ही भाषांत सारखी आहेत, परंतु मराठीत ती संयुक्त स्वर दर्शवतात आणि हिंदीत बहुधा एकच स्वर दर्शवतात. संयुक्त स्वराचा असा एक स्वर होण्याच्या प्रक्रियेला एकस्वरीभवन म्हणतात.

दुसरे उदाहरण संस्कृतचे घ्या. 'ने + अन = नयन' आणि 'पो + अन = पवन' हे संधी तुम्ही शाळेत शिकलात. 'ए'च्या जागी 'अय्' आणि 'ओ'च्या जागी 'अव्' का यावा? याचे उत्तर असे, की संस्कृतचे 'ए' आणि 'ओ' हे मुळात 'अइ' आणि 'अउ' असे संयुक्त स्वर होते. उच्चार बदलला, पण संधीच्या नियमात जुना उच्चार टिकून राहिला. या दोन उदाहरणांतून दोन सूत्रे मिळतात. अक्षर म्हणजे उच्चार नव्हे. आणि हरवलेला उच्चार भाषेच्या एखाद्या कोपऱ्यात आपली खूण ठेवून जातो.

(सूचना : पुढील विवेचनात रोमन लिपीतील स्वरचिन्हे आ, ए, इ, ओ, उ अशी नागरीत दाखवली आहेत. 'आए' म्हणजे लॅटिनमधील ती दोन चिन्हे एकापुढे एक लिहिलेली आहेत, असे समजावे.)

६.२.२ कोरीव लेखांची साक्ष

लॅटिनच्या जुन्या लेखांत 'आइ', 'ओइ', 'एइ', 'आउ', 'ओउ' अशा जोड्या आढळतात. इ.स.पू. २५९ मध्ये कॉन्सल असलेल्या लुकियुस कोर्नेलियुस स्किपिओ याच्या समाधिलेखात 'आइदिलिस' (एक नगराधिकारी) आणि 'ओइनो' (एकाला) अशी रूपे आहेत. अभिजात लॅटिनमध्ये हेच शब्द 'आएदिलिस' आणि 'ऊनुम' असे लिहिले जातात.

इ.स.पू. १८६ मध्ये रोमच्या सिनेटने बाकस देवाच्या उत्सवांवर कडक निर्बंध घातले. त्या आज्ञेची ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेली एक प्रत दक्षिण इटलीत सापडली असून ती आज व्हिएन्ना येथे आहे. तिच्यात 'आइक्वोम' (न्याय्य) असे जुने लेखन आहे. मात्र बेल्लोना देवीच्या मंदिराचा उल्लेख करताना 'आएदेम दुएलोनाइ' असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पहिल्या शब्दात नवे 'आए' आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी जुने 'आइ' आहे. म्हणजे हा लेख संक्रमणाच्या काळातील आहे.

यावरून अनुमान कसे करावयाचे? उच्चार तसाच राहिला असता, तर रूढ 'आइ' सोडून 'आए' लिहिण्याचे कारण नव्हते. उलट उच्चार तेव्हाच साधा 'ए' झाला असता, तर एकट्या 'ए'ने काम भागले असते. म्हणून 'आए' हे लेखन प्रथम रूढ झाले, तेव्हा उच्चार संयुक्तच होता; फक्त त्याचा शेवट 'इ'पर्यंत न जाता 'ए'शी थांबत होता, असे मानावे लागते.

मर्यादाही लक्षात घ्या. लेखन परंपराप्रिय असते. सम्राट क्लॉडियसच्या काळात (इ.स. ४१–५४) काही लेखांत 'आइ' पुन्हा दिसते. तो उच्चार परतला नव्हता. ती जुन्या वळणाची हौस होती.

६.२.३ व्याकरणकारांची साक्ष

इ.स.च्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक क्विंटिलियन सांगतो, की आपण आज ज्या अक्षरात 'ए' लिहितो, तेथे पूर्वीचे लोक 'इ' लिहीत असत. दुसऱ्या शतकातील तेरेन्तियुस स्काउरुस हा व्याकरणकार या जोडीच्या शेवटी 'ए'चाच ध्वनी अधिक ऐकू येतो, असे म्हणतो. ही दोन्ही विधाने कोरीव लेखांवरून काढलेल्या अनुमानाशी जुळतात.

इ.स.पू. पहिल्या शतकातील व्हॅरो हा पंडित आणखी महत्त्वाची माहिती देतो. करडाला रोम शहरात 'हाएदुस' म्हणत, परंतु लॅटियमच्या खेड्यांत 'हेदुस' म्हणत. म्हणजे एकाच काळात शहरात संयुक्त स्वर होता आणि खेड्यात एकस्वरीभवन झालेले होते. त्यापूर्वीच्या शतकात लुकिलियुस या उपहासकवीने काएकिलियुस नावाच्या एका माणसाची 'केकिलियुस' असे ग्रामीण रूप वापरून थट्टा केली होती. थट्टेला अर्थ प्राप्त होण्यासाठी श्रोत्यांना तो फरक कानाने कळणे आवश्यक होते.

'आउ'बद्दलची एक आख्यायिका सुएटोनियस या चरित्रकाराने नोंदवली आहे. मेस्त्रियुस फ्लोरुस नावाच्या गृहस्थाने सम्राट व्हेस्पेशियनला (कारकीर्द इ.स. ६९–७९) सुचवले, की गाड्यांना 'प्लोस्त्रा' न म्हणता 'प्लाउस्त्रा' म्हणावे. दुसऱ्या दिवशी सम्राटाने त्याचे स्वागत 'फ्लाउरुस' या नावाने केले. ग्रीकमध्ये या ध्वनीचा शब्द 'टाकाऊ' अशा अर्थाचा आहे, म्हणून टोला दुहेरी होता. या एका विनोदातून आपल्याला समजते, की 'ओ' हा उच्चार सम्राटाच्या तोंडीही होता आणि 'आउ' हा प्रतिष्ठेचा मानला जात होता.

मात्र आपल्या प्रातिशाख्यांत स्थान आणि प्रयत्न यांचे जसे बारकाईने वर्णन आढळते, तसे रोमन व्याकरणकारांकडे आढळत नाही. त्यांची भाषा पुष्कळदा अक्षरांची असते, ध्वनींची नसते. 'व्हॉक्स लॅटिना' (१९६५) हा लॅटिन उच्चारांवरील प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या डब्ल्यू. सिडनी अ‍ॅलन यांनी त्यापूर्वी १९५३ साली प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

६.२.४ चुकांची साक्ष

शुद्ध लिहिणारा माणूस उच्चाराविषयी फारसे सांगत नाही. चुकणारा माणूस सांगतो. मराठीतील 'महत्त्व' हा शब्द पुष्कळजण 'महत्व' असा लिहितात, कारण दुसरा 'त्' कानाला वेगळा जाणवत नाही. त्याच्या उलट 'नेतृत्व' हा शब्द 'नेतृत्त्व' असा लिहिलेला आढळतो. 'महत्व' चूक आहे हे ठाऊक असलेला लेखक नको तेथेही 'त्त्व' योजतो. या दुसऱ्या प्रकाराला अतिशुद्धीकरण म्हणतात. दोन्ही चुका एकच गोष्ट सिद्ध करतात : बोलण्यात हा भेद उरलेला नाही.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर सामान्य लोकांनी खरडलेला मजकूर आहे. त्यात 'आए'च्या जागी 'ए' येतो, आणि मुळात 'ए' असलेल्या ठिकाणी 'आए'ही येतो. पहिली चूक एकट्याने पुरेशी नव्हती. दोन्ही दिशांच्या चुका एकत्र आढळतात, म्हणूनच तेथील काही लोकांच्या बोलण्यात हे दोन स्वर एक झाले होते, असे ठामपणे म्हणता येते. पुढील काळातील एका अनामिक शब्दसूचीत कानासाठी 'ओरिक्ला' हे रूप चुकीचे ठरवले आहे. ज्याची मनाई करावी लागते, ते लोक बोलत असतातच.

६.२.५ आदत्त शब्दांची साक्ष

एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा तो त्या क्षणाच्या उच्चाराची नोंद सोबत नेतो. ग्रीकांनी रोमन नाव 'काइसार' असे लिहिले. रोमनांनी ग्रीक 'आइ' आपल्याकडे 'आए'ने आणि ग्रीक 'ओइ' 'ओए'ने दाखवला. अरबी-फारसीतील 'कैसर' हे रूप ग्रीक रूपाकडेच जाते. जर्मानिक लोकांनी हा शब्द लवकर उचलला. जुन्या उच्च जर्मनमध्ये तो 'केइसार' आहे आणि आजच्या जर्मनमध्ये 'काइझर'. या भाषांत संयुक्त स्वर टिकला आहे. उसने घेताना मुळात तो नसता, तर सर्वत्र तो आपोआप उद्भवला, असे मानावे लागले असते. आपण म्हणतो तो 'सीझर' मात्र इंग्रजीतील फार नंतरच्या उच्चारावरून आलेला आहे.

येथेही सावधगिरी हवी. ग्रीक 'आइ'चेही पुढे एकस्वरीभवन होऊन तो 'ए' झाला. म्हणून उत्तरकालीन ग्रीक लेखनाची साक्ष संयुक्त स्वराच्या बाजूने देता येत नाही. साक्षीदार कोण, याइतकेच तो केव्हाचा, हेही विचारले पाहिजे.

६.२.६ भाषेच्या अंतर्गत रचनेची साक्ष

'नयन' आणि 'पवन' यांच्याप्रमाणे लॅटिनच्या व्याकरणातही जुन्या खुणा आहेत. उपसर्ग लागल्यावर धातूतील स्वर दुर्बल होतो. 'काएदो' (मी तोडतो) याचे 'ओक्कीदो' (मी ठार करतो) होते. 'क्लाउदो' (मी बंद करतो) याचे 'इन्क्लूदो' होते. 'काउसा' (कारण, खटला) यापासून 'आक्कूसो' (मी आरोप करतो) होते. म्हणजे 'आए'च्या जागी दीर्घ 'ई' आणि 'आउ'च्या जागी दीर्घ 'ऊ' येतो. मूळ जोड्या 'आइ' आणि 'आउ' अशा धरल्या, तर पहिला घटक क्षीण होऊन दुसरा घटक उरला, असे सरळ स्पष्टीकरण मिळते. 'पोएना' (दंड) आणि 'पूनिओ' (मी दंड करतो) ही एकाच कुळातील रूपे 'ओइ'कडे बोट दाखवतात.

वृत्तांचाही उपयोग होतो. लॅटिन वृत्ते आपल्या अक्षरगणवृत्तांप्रमाणे लघु-गुरूंवर आधारलेली आहेत. एखाद्या शब्दात लगेच दुसरा स्वर येत असेल ती स्थिती वगळता, 'आए' आणि 'आउ' गुरूच मोजले जातात. मात्र दीर्घ 'ए'ही गुरूच असतो. म्हणून वृत्त अक्षराचे वजन सांगते, त्याचा ध्वनी सांगत नाही.

६.२.७ भगिनी भाषांची साक्ष

लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच कुळातील भाषा आहेत. त्यांची तुलना केल्यास लेखनपूर्व काळातील रूप गवसते. लॅटिनमधील 'आएदेस' हा मंदिर किंवा घर या अर्थाचा शब्द मुळात चुलीच्या जागेशी संबंधित आहे, असे मानले जाते. ग्रीकमध्ये 'आइथो' म्हणजे पेटवणे. संस्कृतमध्ये 'इध्' हा पेटण्याचा धातू आहे आणि 'एधस्' म्हणजे सरपण. आपल्या धार्मिक विधींतील 'समिधा' हा शब्द याच धातूपासून आला आहे. ग्रीकमधील 'आइ', संस्कृतमधील 'ए' (मूळ 'अइ') आणि लॅटिनमधील 'आए' यांची सांगड घातली, की मूळ संयुक्त स्वराबद्दल शंका उरत नाही. त्याचप्रमाणे 'ओइनो' आणि संस्कृत 'एक' यांचा आरंभ मुळात एकच आहे. समाधिलेखातील जुने लेखन उच्चाराला धरून होते, हे यावरून ठरते.

६.२.८ कन्याभाषांची साक्ष

लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रुमानियन इत्यादी भाषा विकसित झाल्या. एकस्वरीभवनानंतर नेमका कोणता स्वर निर्माण झाला, हे त्या सांगतात.

'काएलुम' (आकाश) याचे इटालियनमध्ये 'चिएलो' आणि स्पॅनिशमध्ये 'सिएलो' झाले. मूळ ऱ्हस्व 'ए' असलेल्या 'पेत्रा' (दगड) याचे 'पिएत्रा' आणि 'पिएद्रा' झाले. दोन्हीकडे 'इए' आहे. म्हणजे 'आए'पासून तयार झालेला स्वर विवृत, तोंड अधिक उघडून उच्चारला जाणारा 'ए' होता. उलट 'पोएना'चे दोन्ही भाषांत 'पेना' झाले, जसे दीर्घ 'ए' असलेले 'तेला' (कापड) 'तेला'च राहिले. म्हणून 'ओए'पासून संवृत 'ए' झाला. 'प्राएदा' (लूट, शिकार) यासारखे काही शब्द मात्र अपेक्षेविरुद्ध संवृत 'ए'च्या वाटेने गेले. हे शब्द व्हॅरोने सांगितलेल्या ग्रामीण उच्चारातून पसरले, असे स्पष्टीकरण दिले जाते.

'आउ'ची कथा अधिक उद्बोधक आहे. 'आउरुम' (सोने) याचे इटालियन व स्पॅनिशमध्ये 'ओरो' झाले, पण रुमानियनमध्ये आजही 'आउर' आहे. गोव्यात १५१० ते १९६१ या काळात राज्यकर्त्यांची भाषा असलेल्या पोर्तुगीजच्या लेखनात 'ओउरो' अशी जोडी शिल्लक आहे. मग व्हेस्पेशियनच्या तोंडचा 'ओ' सार्वत्रिक होता का? याचा निवाडा फ्रेंच भाषा करते.

फ्रेंचमध्ये 'आ'पूर्वीच्या 'क'चा 'श' झाला : 'कान्तारे' (गाणे) याचे 'शाँते'. 'ओ'पूर्वीचा 'क' मात्र तसाच राहिला. आता 'काउसा' पाहा. त्याचे फ्रेंचमध्ये 'शोज' (वस्तू) झाले. 'क'चा 'श' झाला, त्या अर्थी त्या वेळी पुढे 'आ' होता. म्हणजे 'आउ' अजून अखंड होता. 'काउदा' (शेपूट) या शब्दाची वाट वेगळी. त्याचे फ्रेंच रूप आजही 'क'ने सुरू होते. इंग्रजीमार्गे मराठीत आलेला, रांग या अर्थाचा 'क्यू' तो हाच शब्द. येथे 'क'चा 'श' झाला नाही, कारण लोकांच्या बोलण्यात तो फार पूर्वीच 'कोदा' झाला होता. म्हणजे काही घरगुती शब्दांत 'ओ' लवकर आला, पण भाषेच्या बहुतांश शब्दांत 'आउ' शतकानुशतके टिकला. कोणत्याही रोमन लेखकाने हे लिहून ठेवलेले नाही. दोन शब्दांच्या पहिल्या व्यंजनांनी ते सांगितले.

६.२.९ पुराव्यांची संगती

प्रत्येक साक्षीदाराला मर्यादा आहे, हे तुम्ही पाहिले. शिलालेख जुने वळण जपतो. व्याकरणकार अक्षरांच्या भाषेत बोलतो. आदत्त शब्द दुसऱ्या भाषेच्या साच्यातून येतो. वृत्ताला वजनच कळते. तथापि या साक्षीदारांनी आपसांत ठरवून साक्ष दिलेली नाही. पाँपेईच्या भिंतीवर खरडणाऱ्याला व्हॅरोचे मत सांगायचे नव्हते, आणि फ्रेंच शेतकऱ्याला व्हेस्पेशियनची आख्यायिका ठाऊक नव्हती. परस्परांशी संबंध नसलेले पुरावे एकाच निष्कर्षाकडे येतात, तेव्हा तो निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. पुनर्रचनेचा पाया हाच आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. 'लॅटिनचा उच्चार कोणता?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या शतकातला, कोणत्या गावातला, कोणत्या वर्गातला, असे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. रोमच्या अभिजनांनी ज्या एकस्वरी उच्चाराला ग्रामीण म्हणून हसले, त्याच दिशेने अखेर सारी भाषा गेली; त्यांचा प्रतिष्ठित 'आए' एकाही कन्याभाषेत शिल्लक नाही. आज एखाद्याच्या बोलीला आपण 'अशुद्ध' म्हणतो, तेव्हा भाषेचा अभ्यासक म्हणून हे उदाहरण स्मरणात ठेवावे. अभ्यासकाच्या दृष्टीने ती चूक नसून पुरावा असतो, आणि कदाचित भाषेच्या पुढील अवस्थेची चाहूलही असते.

६.३ सारांश

जुन्या लॅटिनमधील 'आइ' इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी 'आए' असा लिहिला जाऊ लागला. शहरातील सुशिक्षितांत तो संयुक्त स्वर राहिला, ग्रामीण भागात त्याचा 'ए' झाला, आणि पुढे सर्वत्र एकस्वरीभवन झाले. 'ओइ'चा अनेक शब्दांत 'ऊ' झाला. काही शब्दांत तो 'ओए' म्हणून टिकून पुढे संवृत 'ए'मध्ये मिसळला. 'आउ' काही शब्दांत लवकर 'ओ' झाला, पण एकंदरीत दीर्घकाळ टिकला. हे निष्कर्ष कोरीव लेख, व्याकरणकारांची विधाने, लेखनातील चुका, आदत्त शब्द, अंतर्गत रचना, वृत्ते, भगिनी भाषा आणि कन्याभाषा यांच्या परस्परपूरक साक्षीवर उभे आहेत.

६.४ आपली प्रगती तपासा

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. एकस्वरीभवन म्हणजे काय?
२. इ.स.पू. १८६ च्या ब्राँझलेखाला संक्रमणकाळातील लेख का म्हणतात?
३. वृत्तांवरून संयुक्त स्वराचा नेमका ध्वनी का ठरवता येत नाही?

आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. 'शुद्ध लेखनापेक्षा अशुद्ध लेखन उच्चाराविषयी अधिक सांगते.' लॅटिन व मराठी उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
२. 'शोज' आणि 'क्यू' या शब्दांच्या आधारे 'आउ'चा कालक्रम कसा ठरवता येतो, ते स्पष्ट करा.

इ) क्षेत्रीय कार्य
तुमच्या परिसरातील वेगवेगळ्या वयाच्या पाच व्यक्तींकडून 'ऐ' आणि 'औ' असलेले दहा शब्द म्हणून घ्या. उच्चारांत फरक आढळल्यास वय, गाव आणि घरातील भाषा यांसह नोंद करा. कोणताही उच्चार चूक किंवा बरोबर ठरवू नका.

'अ' विभागाची उत्तरे
१. संयुक्त स्वराचे रूपांतर एकाच स्वरात होणे.
२. त्यात जुने 'आइ' आणि नवे 'आए' अशी दोन्ही लेखने एकत्र आढळतात म्हणून.
३. संयुक्त स्वर आणि दीर्घ स्वर हे दोन्ही वृत्तात गुरूच मोजले जातात म्हणून.